संध्या : शिकलेल्या पावलांची गोष्ट

४ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत ज्येष्ठ अभिनेत्री संध्या शांताराम यांचं निधन झालं. आपल्यापैकी बहुतेकांना ही बातमी इथं फोनवरच कळली असेल. पुढच्या दोन-चार दिवसांत जे वाचायला मिळालं त्यात ‘पिंजरा’तला एखादा फोटो, ‘व्ही. शांताराम यांच्या पत्नी’ ही ओळख आणि चार-सहा ओळींची श्रद्धांजली यापलीकडे फारसं काही नव्हतं. त्याच सुमारास मित्रमंडळींच्या गटांत त्यांच्या मानेच्या झटक्यांच्या आणि डोळ्यांच्या हालचालींच्या नकलाही पुन्हा फिरल्या. नकला मलाही आवडतात. पण वीस वर्षं ज्यांनी कॅमेऱ्यासमोर नृत्य केलं, त्यांची आठवण मानेच्या एका झटक्यात आटपावी हे काही मनाला पटेना. म्हणून हा लेख.

मी सिनेसमीक्षक नाही. माझी डॉक्टरेट यंत्रांच्या कंपनांवरची आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर. पण कोणती वस्तू कुठल्या आधारावर फिरते, तोल कसा राखते आणि कधी सोडते, हे बघायची डोळ्यांना सवय लागली आहे. ओजिमाहून शिंजुकूपर्यंतच्या वीस-पंचवीस मिनिटांच्या रोजच्या प्रवासात मी संध्याबाईंची नृत्यं पुन्हा पुन्हा पाहिली आहेत, पुष्कळदा आवाज बंद करून. आवाज नसला की पाय स्पष्ट दिसतात.

विजया देशमुखची संध्या

गोष्ट सुरू होते ती शांतारामांपासूनच, त्याला इलाज नाही. कोल्हापूरचे शांताराम वणकुद्रे (जन्म १९०१) पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत होते. पुढे ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेले, १९२९ साली ‘प्रभात’च्या संस्थापकांपैकी एक झाले आणि १९४२ मध्ये मुंबईला परळला त्यांनी स्वतःची संस्था काढली. वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावांवरून ‘राजकमल कलामंदिर’ हे नाव आलं. त्यांना रंगाचं वेड पहिल्यापासून होतं. १९३३ साली ‘सैरंध्री’ हा रंगीत चित्रपट करायचा घाट त्यांनी घातला, प्रती थेट जर्मनीत करून घेतल्या, पण रंग काही मनासारखे उतरले नाहीत. हे वेड पुढं दोन तपं त्यांच्या मनात दबा धरून बसलं होतं.

१९५१ च्या ‘अमर भूपाळी’साठी त्यांनी एक नवा चेहरा निवडला. विजया देशमुख या मुलीचं पडद्यावरचं नाव झालं ‘संध्या’. थोरली बहीण वत्सला देशमुख याही अभिनेत्री. वत्सलाबाईंची मुलगी म्हणजे आपली रंजना, ‘चानी’मधली. शाहीर होनाजी-बाळा यांच्यावरच्या या चित्रपटाला वसंत देसाईंचं संगीत होतं. १९५२ च्या कान महोत्सवात तो गेला आणि ध्वनिमुद्रणासाठी तांत्रिक पारितोषिक घेऊन आला. १९५३ च्या ‘तीन बत्ती चार रास्ता’मध्ये संध्याबाईंनी सावळा रंग फासून, रूपावरून नाकारल्या जाणाऱ्या पण गोड गळ्याच्या मुलीचं काम केलं. नव्या नायिकेनं दोनच वर्षांनी आपलं रूप झाकून उभं राहावं, ही गोष्ट तेव्हाच्या सिनेमात सोपी नव्हती.

तोवर शास्त्रीय नृत्याचं नाव नव्हतं. आणि मग १९५५ साली ‘झनक झनक पायल बाजे’ आला.

नायिका शिकते, नटीही शिकते

‘झनक झनक’ हा टेक्निकलरमधला, आरंभापासून अखेरपर्यंत शास्त्रीय नृत्याला वाहिलेला चित्रपट. नायक गोपीकृष्ण. बनारस घराण्याचं कथक त्यांच्या घरातच होतं, सितारादेवी त्यांच्या मावशी. तेव्हा ते विशीच्या आसपासचे. संगीत पुन्हा वसंत देसाईंचं. तबल्यावर सामताप्रसाद, आणि पार्श्वसंगीतात शिवकुमार शर्मा नावाच्या जम्मूच्या एका तरुणाचं संतूर. हे वाद्य हिंदी सिनेमाला तोवर जवळजवळ अनोळखीच होतं. समूहनृत्यांत एक कोवळी मुलगीही होती. ती पुढे मराठी पडद्याची जयश्री गडकर झाली.

अशा या मंडळींत संध्याबाई नायिका, आणि त्यांचं नृत्याचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं! चित्रपटासाठी त्या गोपीकृष्णांकडेच शिकल्या. ज्याच्याकडे शिकायचं त्याच्याच शेजारी उभं राहून, त्याच रंगीत प्रकाशात, तोच तुकडा नाचून दाखवायचा. हे आपल्या क्षेत्रात आणून पाहा. नव्यानं भाषा शिकणाऱ्यानं ती भाषा घडवणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून प्रोग्रॅम लिहावा आणि तो सगळ्या देशानं वाचावा, असला हा प्रकार!

शांतारामांची हुशारी अशी की त्यांनी ही अडचण लपवली नाही, तिचीच कथा केली. चित्रपटातली नीला ही श्रीमंताघरची, हौसेनं नाचणारी मुलगी. मंगल महाराज (केशवराव दाते) आणि त्यांचा मुलगा गिरधर तिचं नृत्य पाहतात आणि त्यांना हसू येतं. मग गिरधर खरं नृत्य म्हणजे काय ते दाखवतो, नीलाचा अहंकार गळतो आणि ती शिष्या होते. पडद्यावर शिकणारी नीला आणि पडद्यामागं शिकणारी संध्या यांच्यात फारसं अंतरच राहत नाही. नीलाचं पाऊल पक्कं होत जातं ते आपण एका अर्थी खरंखुरं पाहत असतो.

आता थोडं माझ्या प्रांतातलं. कथकमधली चक्कर टाचेच्या आधारावर घेतात. हात पसरलेले असताना गिरकी संथ असते. हात शरीराजवळ घेतले की वेग वाढतो. बर्फावर स्केटिंग करणारी मुलगी फिरते त्यामागचं शास्त्र हेच. कठीण असतं ते थांबणं. सोळा मात्रांचा तीनताल आवर्तन पुरं करून समेवर येतो, त्या क्षणी सगळा वेग शून्यावर आणायचा आणि शरीर हलता कामा नये. पायांत प्रत्येकी शंभर-सव्वाशे घुंगरू असतील तर एक कंपनही लपत नाही, घुंगरू चहाडी करतात. आवाज चालू करून ‘झनक झनक’ पाहावा तो यासाठी. गोपीकृष्ण थांबतात तेव्हा दगड थांबावा तसे थांबतात. संध्याबाई तशा थांबत नाहीत. त्यांच्या थांबण्यात एक अगदी बारीक, कमरेपासून मानेपर्यंत जाणारी लहर असते. जाणकार याला कच्चेपणा म्हणतील. मला ती लहर म्हणजेच संध्या वाटते. वर्षानुवर्षांचा रियाज नाही हे ठाऊक असलेल्या कलावतीनं पाठीच्या कण्याची रेषा आपलं बलस्थान केलं. पाय गुरूइतके तयार नाहीत ना, मग डोक्यापासून टाचेपर्यंतची सगळी आकृतीच बोलकी करायची.

हॉलिवुडच्या फ्रेड ॲस्टेरचा आग्रह असे की नाचताना कॅमेऱ्यात आपण डोक्यापासून पायापर्यंत दिसलो पाहिजे आणि तुकडे कमीत कमी पडले पाहिजेत. लहानपणापासून रंगमंचावर नाचलेल्या माणसाला ते परवडतं. ॲस्टेर पाहताना वाटतं, याला श्रम पडतच नाहीत. संध्याबाई पाहताना श्रम दिसतात, आणि ते श्रम सुंदर दिसतात. डौलाचे हे दोन निरनिराळे प्रकार आहेत. एकाचं कौतुक करायला दुसऱ्याला खाली बसवायची गरज नाही.

‘झनक झनक’नं दीर्घकाळ गर्दी खेचली, राष्ट्रीय आणि फिल्मफेअर पुरस्कार मिळवले. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, शांताराम आणि संध्या यांचा विवाह झाला.

तो मानेचा झटका

आता नकलांकडे येऊ. संध्याबाईंचा अभिनय भडक, असं म्हणतात. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण तो भडकपणा आला कुठून, हे पाहिलं पाहिजे.

शांताराम ज्या वयात गंधर्व नाटक मंडळीत होते, त्या वयात डोळ्यांवर जे कोरलं जातं ते पुसत नाही. त्या रंगमंचावर स्त्रीचं लावण्य म्हणजे बालगंधर्व. पदर सावरण्याची, मान वेळावण्याची, डोळ्यांनी बोलण्याची ती रीत पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचावी म्हणून मोठी केलेली. पुढे १९३५ साली ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या भूमिकेत याच बालगंधर्वांना शांतारामांनी दिग्दर्शित केलं. माझं मत असं, की संध्याबाईंच्या अंगविक्षेपांत आपण ज्याला हसतो तो संगीत रंगभूमीचा वारसा आहे, आणि कॅमेरा जवळ आला तरी शांतारामांनी तो लहान केला नाही.

जपानी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. काबुकीत स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटाला ‘ओन्नागाता’ म्हणतात. बांदो तामासाबुरो हे आजचे त्यातले सर्वांत नामवंत. त्यांना २०१२ साली ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला. बाहीतून हात किती दिसावा, मान किती कलावी, हे सगळं ठरलेलं. त्याला कोणी भडक म्हणत नाही, ‘काता’ म्हणतात, म्हणजे साचा. आधी साचा अंगात मुरवायचा, स्वतःचं काय ते नंतर. इथल्या लोकांनी आपल्या साच्याला मान दिला. आपण आपल्या साच्याची नक्कल केली आणि हसलो.

१९५९ चा ‘नवरंग’ या दृष्टीनं पाहण्यासारखा आहे. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’च्या वेळी बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्यांना इजा झाली होती आणि दृष्टी जाते की काय अशी वेळ आली होती. त्या अंधारात दिसलेल्या रंगांतून ‘नवरंग’ निघाला. त्यातलं संध्याबाईंचं होळीचं नृत्य ज्यांनी पाहिलं ते विसरत नाहीत. समोरून त्या स्त्री असतात, पाठ फिरवली की डोक्यामागचा मुखवटा त्यांना पुरुष करतो. त्यामुळे राधाही त्याच आणि छेड काढणाराही त्याच. त्यात पुन्हा सोबतीला हत्ती! विचार करा, पाठीनं पुरुष नाचायचा म्हणजे खांदे, कोपरं, गुडघे सगळं उलट दिशेनं ‘वाचता’ आलं पाहिजे, आणि स्वतःला काहीच दिसत नाही. मी हा भाग आवाज बंद करून कितीदा पाहिला असेल! गिरकीच्या अर्ध्यात जो माणूस बदलतो, तिथं जोड कुठं आहे ते मला अजून नेमकं बोट ठेवून सांगता येत नाही.

आमच्या घरचा ‘नवरंग’

माझे आजोबा, आईचे वडील, हे ‘नवरंग’चे मोठे भक्त. तीनदा पाहिला म्हणून सांगायचे. आई दहा-बारा वर्षांची असताना तिनं नाच शिकायची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा याच आजोबांनी ‘आपल्या घरात पायात चाळ बांधत नाहीत’ एवढं एकच वाक्य उच्चारलं. विषय संपला. आई हे सांगताना कधी रागावत नाही, पण दर वेळी सांगते.

हा विरोधाभास एकट्या आजोबांचा नव्हता. मराठी मध्यमवर्गाचं नृत्याशी नातं असंच दुटप्पी होतं. मादाम मेनका यांनी कथकला युरोपच्या रंगमंचावर नेलं, खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली आणि पुढची सहा दशकं शांतपणे, एकेक घर करत, पुण्याच्या आईबापांना समजावलं की मुलीच्या पायातले घुंगरू म्हणजे घराण्याला डाग नव्हे. ‘झनक झनक’नं हीच गोष्ट थिएटरच्या अंधारात हजारो माणसांना एकदम सांगितली. ज्या घरांत नाच हा शब्द दबक्या आवाजात निघे, तिथं तो सहकुटुंब पाहिला गेला. पण शास्त्रीय नृत्याला मिळालेली ही प्रतिष्ठा तमाशातल्या लावणीपर्यंत पोचली नाही. चाळ तेच, पाय तसेच, मात्र एक देवघरात आणि दुसरे वेशीबाहेर!

म्हणून १९७२ चा ‘पिंजरा’ मला संध्याबाईंच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसाचा टप्पा वाटतो. १९३० च्या ‘ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाचा सांगाडा, त्यावर अनंत माने यांची कथा, शंकर पाटलांचे अस्सल मातीतले संवाद, जगदीश खेबूडकरांची गीतं आणि राम कदमांचं संगीत. समोर डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले. गावातून तमाशा हाकलायला निघालेला आदर्शवादी मास्तर चंद्रकलेच्या मागं फडात जाऊन पोचतो, तिकडे गाव त्याला मेला समजून त्याचा पुतळा उभारतं आणि शेवटी त्याला शिक्षा होते ती स्वतःच्याच खुनाबद्दल. ‘आपल्या घरात चाळ बांधत नाहीत’ म्हणणाऱ्या सगळ्या आजोबांची ही गोष्ट आहे.

‘झनक झनक’नंतर सतरा वर्षं उलटून गेलेली. इतक्या वर्षांनी संध्याबाईंनी लावणीची वेगळी ठेवण उचलली. कथकमध्ये शरीर उभ्या रेषेत, लावणीत वजन खाली, कमरेत, आणि डोळा थेट समोरच्याच्या डोळ्यात. त्या चंद्रकलेच्या नजरेत विनवणी नाही. आधी आव्हान आहे, मग उपहास आणि उत्तरार्धात चक्क करुणा. ती करुणा पाहिल्यावर त्यांना फक्त मानेचा झटका येत होता असं कोणी म्हणू नये.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. संध्याबाईंचं जवळजवळ सगळं काम शांतारामांच्याच चित्रपटांत झालं. त्यामुळे दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाच्या डोळ्यांना त्या कशा दिसल्या असत्या, हे आपल्याला कधीच कळणार नाही. राजकमलनं त्यांना सगळं दिलं आणि राजकमलच्या भिंतींनी काही अडवलंही. १९७५ च्या ‘चंदनाची चोळी अंग अंग जाळी’नंतर त्या हळूहळू पडद्याआड गेल्या. १९९० मध्ये शांताराम गेले. २००९ साली ‘नवरंग’च्या पन्नाशीनिमित्त त्या एका सोहळ्यात दिसल्या, तेवढंच.

ओजिमात याचं काय?

वाचकहो, ‘हे सगळं ठीक, पण आपल्याला इथं काय त्याचं?’ असं कोणी विचारील. सांगतो.

ओजिमाच्या सहाव्या चोमेतल्या उंच इमारतींत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भारतीय कुटुंबं वाढत गेली. मुलं वाढली तशी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची यादीही वाढली. मागं एकदा आमच्यातल्या तेरा वर्षांच्या एका मुलीनं ‘पिंजरा’तली लावणी करायची म्हटल्यावर तयारीच्या बैठकीत कुजबुज झाली. ‘भरतनाट्यम् कर ना, किंवा एखादं हिंदी गाणं कर. जपानी पाहुणे येणार आहेत, लावणी बरी दिसेल का?’ गंमत म्हणजे हे बोलणाऱ्या एका गृहस्थांच्या फोनवर ‘पिंजरा’ची सगळी गाणी आहेत! मला आजोबा आठवले. साठ वर्षं आणि सहा हजार किलोमीटर ओलांडूनही ते आमच्याबरोबर इथं राहायला आलेले आहेत.

मुलीनं लावणी केली. सहा महिने घरी सराव करून, नऊवारी नीट नेसून केली. पाहुण्यांतल्या एका वयस्क जपानी बाईंनी तिच्याजवळ जाऊन विचारलं, ‘ही काता कोणत्या प्रांताची?’ बरी दिसते की नाही, हा प्रश्न त्यांच्या मनातही आला नव्हता.

उन्हाळ्यात आपल्या वसाहतीच्या पटांगणात ‘बोन ओदोरी’ होतं, ते आपण पाहतोच. मधे लाकडी मचाण, त्यावर ढोल, भोवती रिंगण. आजी, नातवंडं, दुकानदार, शाळेचे मास्तर, सगळे एकाच रिंगणात. पावलं दहा-बारा, तीच पुन्हा पुन्हा. कोणाला येतं आणि कोणाला येत नाही, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ज्याला येत नाही तो पुढच्याचे हात बघतो. शिकणं आणि नाचणं तिथं एकाच वेळी चालतं. संध्याबाईंनी ‘झनक झनक’मध्ये केलं ते याहून फार कठीण होतं, पण जात तीच. न येणारी गोष्ट, येणाऱ्याच्या शेजारी उभं राहून, न लाजता शिकायची.

डौल ही जन्मजात देणगी आहे, असं म्हणून आपण पुष्कळदा मोकळे होतो. त्यामुळे ज्याला ती नाही त्यानं प्रयत्न करायचं कारण उरत नाही आणि ज्याला आहे त्याचे कष्ट आपल्याला दिसत नाहीत. संध्याबाईंचे चित्रपट क्रमानं पाहिले तर हा समज टिकत नाही. ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक’, ‘नवरंग’, ‘पिंजरा’ या एकवीस वर्षांच्या वाटेवर एक बाई डोळ्यांदेखत नृत्य कमावताना दिसते. मुलांना घेऊन सुट्टीच्या दिवसांत हे चार चित्रपट याच क्रमानं पाहा, अशी माझी विनंती आहे. मुलं पहिल्या अर्ध्या तासात मानेच्या झटक्याला हसतील. हसू द्या. मग आवाज बंद करा आणि त्यांना फक्त पाय बघायला सांगा.